क्ष-किरण युग्मताऱ्यांचे बहुतरंगी निरीक्षण

परस्परांभोवती फिरणाऱ्या ज्या दोन ताऱ्यांपैकी एक न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर असून तो सहचराचे द्रव्य ओढून घेतो, त्या जोडीला क्ष-किरण युग्मतारा म्हणतात. हे द्रव्य सरळ आत न पडता चकतीच्या रूपाने फिरत आत सरकते आणि कोट्यवधी अंशांपर्यंत तापून क्ष-किरण उत्सर्जित करते. सहचर तारा व चकतीचा थंड बाह्य भाग जंबुपार, दृश्य किंवा अवरक्त प्रकाशात, तर केंद्राजवळून उसळणारे झोत रेडिओलहरींत दिसतात. हंस क्ष-१ हा स्रोत १९६४ मध्ये रॉकेटवरील उपकरणांना सापडला, पण त्याचे नेमके स्थान १९७१ मध्ये रेडिओ दुर्बिणींनी ठरवले, तेव्हाच सुमारे नवव्या प्रतीचा एक निळा तारा त्याचा सहचर म्हणून ओळखता आला. अमरावती-अकोल्याहून ऑक्टोबरमधील संध्याकाळी हंस तारकासमूह जवळजवळ डोक्यावर असतो आणि मेळघाटासारख्या काळोख्या ठिकाणी हा सहचर लहान दुर्बिणीतूनही दिसू शकतो; क्ष-किरण मात्र वातावरणात शोषले जात असल्याने त्यांच्यासाठी उपग्रहच लागतो.

असे स्रोत मिनिटामिनिटाला बदलत असल्याने वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या नोंदी शेजारी मांडून फारसे काही साधत नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाचे महत्त्व यातच आहे, कारण त्याच्या जंबुपार दुर्बिणी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली क्ष-किरण उपकरणे एकाच वेळी एकाच स्रोताकडे रोखता येतात. रेडिओलहरींची बाजू पुणे जिल्ह्यातील खोडद येथील, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण सांभाळू शकते. दोन्हींच्या वेळा जुळवणे हे यातले खरे कष्टाचे काम होय.

गरुड तारकासमूहातील, १९९२ मध्ये सापडलेला जीआरएस १९१५+१०५ हा स्रोत आकाशगंगेच्या धुळीआड असल्याने दृश्य प्रकाशात जवळजवळ अदृश्य आहे. त्याचे क्ष-किरण एकाएकी ओसरल्यावर आधी अवरक्त व काही मिनिटांनी रेडिओ भडका उडतो, हे एकसमयी निरीक्षणांनीच उघड झाले; चकतीचा आतला भाग रिता होऊन त्यातील काही द्रव्य झोतात फेकले जाते आणि पसरत जाणाऱ्या त्या ढगातील प्रारण आधी लघु व नंतर दीर्घ तरंगलांबीवर प्रकटते, असा त्याचा अर्थ लावला जातो. २०१८-१९ मध्ये या स्रोताचे क्ष-किरण खूपच मंदावले, तरी रेडिओ भडके चालूच राहिले, त्यामुळे केवळ क्ष-किरणांवर विसंबणाऱ्याला तो निवल्यासारखाच वाटला असता.