झोपेची बाटली



आजची गोष्ट इंग्लंडमधली आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांमधली. राजवाड्यातली मात्र नाही. गिरणीत आणि शेतात मजुरी करणाऱ्या बायांची आहे. घरात आजारपण आलं की त्या काय करायच्या, दुकानातून कोणत्या बाटल्या आणायच्या, आणि त्यातल्या एका बाटलीने तान्ह्या बाळांचं काय झालं, ते सांगते.

तेव्हाही डॉक्टरची फी मजुराला परवडत नव्हती. त्यामुळे पहिला इलाज घरचाच. छाती भरली की जवसाचं पोटीस, दुखऱ्या जागी मोहरीचा लेप, पोट साफ व्हायला एरंडेल नाहीतर सोनामुखी. ही नावं ऐकून आपल्याच आजीचा डबा उघडल्यासारखं वाटतं ना? १८६१ साली इझाबेला बीटन नावाच्या बाईंचं घरसंसारावरचं जाडजूड पुस्तक निघालं. पहिल्याच वर्षी त्याच्या ६० हजार प्रती खपल्या. घरात कोणती औषधं असावीत याची यादी त्यात आहे. त्या यादीत सोनामुखी आहे, आणि त्याच यादीत अफूची पूड आणि लॉडनमही आहे. लॉडनम म्हणजे दारूत विरघळवलेली अफू. सोनामुखीच्या शेजारी अफू ठेवायची, यात तेव्हा कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. या बीटनबाई स्वतः १८६५ मध्ये बाळंतपणानंतरच्या तापाने गेल्या. वय २८.

घरच्या इलाजाने भागलं नाही की दुकानातलं पेटंट औषध यायचं. पेटंट हे नुसतं नाव. बहुतेक औषधांचं पेटंट कुणी घेतलेलंच नव्हतं, कारण पेटंट घ्यायचं तर आत काय आहे ते सांगावं लागतं, आणि यांना तेच लपवायचं होतं. वर सरकारचा एक कर होता. कर भरल्याचा कागदी शिक्का प्रत्येक बाटलीवर, डबीवर चिकटवलेला असायचा. लोकांना वाटायचं, सरकारी शिक्का आहे म्हणजे सरकारने औषध तपासलंय. सरकारने तपासलं काही नव्हतं, फक्त पैसे घेतले होते.

बीचमच्या गोळ्यांचंच बघा. जाहिरात म्हणायची, एक डबी एका गिनीच्या मोलाची. गिनी म्हणजे २१ शिलिंग. विकायची मात्र १ शिलिंग दीड पेन्सला. त्यातला दीड पेन्स हा शिक्क्याचा कर. पुढे १९०९ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने अशी बरीच गुप्त औषधं तपासून त्यांचं एक पुस्तकच काढलं. बीचमच्या गोळीत निघालं काय? कोरफडीचा वाळवलेला चीक म्हणजे आपला काळा बोळ, सुंठ आणि साबण. डबीतल्या ५६ गोळ्यांच्या मालाची किंमत अर्धी फार्दिंग. एका पेन्सच्या चार फार्दिंग होतात. आपल्या गटातल्या हिशोबनीस बायांनी मांडून बघा, विक्रीची किंमत मालाच्या १०८ पट येते. तरी या गोळीने पोट साफ होण्यापलीकडे फार काही बिघडत नसे. बाळांच्या बाटलीचं तसं नव्हतं.

त्या बाटलीचं नाव गॉडफ्रेज कॉर्डियल. आत काकवी, पाणी, वासाला एका झाडाची साल आणि अफू. अगदी गरिबाला परवडेल इतकी स्वस्त. बाळ रडलं, दात येताना किरकिरलं, जुलाब झाले, खोकला झाला, की एक चमचा. आणि गुण यायचा, हे आधी कबूल केलं पाहिजे. अफूने जुलाब थांबतात, खोकला दबतो, दुखणं जाणवत नाही, झोप लागते. आईला दिसायचं की बाळ शांत झालं. आजार आत तसाच असायचा.

यात दोन धोके होते. एक म्हणजे प्रत्येक दुकानदार हे औषध आपल्या हाताने बनवायचा. एकाकडे अफू थोडी, दुसऱ्याकडे जास्त. बाईने दुकान बदललं, चमचा तोच ठेवला, तर बाळाच्या पोटात दुप्पट अफू जाऊ शकायची. शिवाय अफू तळाशी बसते. बाटली नीट हलवली नाही तर वरचे चमचे सौम्य आणि शेवटचे जहाल. दुसरा धोका हळू चालणारा. गुंगीतलं बाळ भुकेने रडत नाही. रडत नाही म्हणून त्याला पाजलं जात नाही. दिवसामागून दिवस ते सुकत जातं, चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा होतो. असं बाळ गेलं की नोंदीत लिहायचे ‘अशक्तपणा’ किंवा ‘आकडी’. अफूचं नाव क्वचितच यायचं.

आता बाया असं का करत होत्या? तेव्हाच्या साहेबलोकांचं उत्तर ठरलेलं होतं: मजूर बाई अडाणी आहे, निष्काळजी आहे. मला हे उत्तर पटत नाही, आणि का ते एका सरकारी तपासातूनच कळतं. इंग्लंडच्या पूर्वेला फेन्स नावाचा दलदलीचा मुलूख आहे. गिरण्या नाहीत, धूर नाही, सगळी शेती. तरी तिथे तान्ही बाळं गिरणीगावांइतकीच मरत होती. कारण शोधायला सरकारने डॉ. हंटर यांना पाठवलं. १८६४ मध्ये त्यांचा अहवाल आला. सगळ्यांना वाटत होतं दलदलीतला हिवताप कारण असेल. निघालं उलटंच. दलदल आटवून नवी शेतजमीन काढली होती, आणि त्या जमिनीवर खुरपणीला, वेचणीला बाया आणि पोरं टोळीने नेली जात. टोळीवर एक मुकादम. आपल्याकडची ऊसतोडीची टोळी डोळ्यांपुढे आणा. फड लांब, पहाटे निघायचं, अंधार पडल्यावर परत. बाळ मागे कुणा म्हातारीकडे ठेवायचं. म्हातारीकडे अशी चार-पाच बाळं. सगळी एकदम रडली तर ती काय करणार? बाटली काढायची.

त्या आईला रजा नव्हती, पाळणाघर नव्हतं, कामावर पाजायला जागा नव्हती. होती ती बाटली. आणि बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं. शिवाय हे फक्त गरिबांत होतं असंही नाही. अमेरिकेत १८४९ पासून निघालेलं ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ इंग्लंडमध्येही विकलं जायचं, चांगल्या खात्यापित्या घरांत जायचं. त्यात मॉर्फिन होतं, म्हणजे अफूचाच अर्क. नाव मात्र एका प्रेमळ दाईबाईचं. तिथे कुणी आईला अडाणी म्हटलं नाही.

१८६८ मध्ये कायदा झाला. अफू आता नोंदणी झालेल्या औषधवाल्यानेच विकायची, वर ‘विष’ अशी चिठ्ठी लावून. पण पेटंट औषधांना सूट दिली! सरकारला त्यांच्या शिक्क्यातून पैसा मिळत होता, हे विसरू नका.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत गिरण्या सुरू झाल्या आणि कोकणातून, घाटावरून बाया कामाला गेल्या. तिथे बाटली नव्हती, बाळगोळी होती. आपली सहाणेवर उगाळायची बाळगुटी वेगळी. या बाळगोळीत अफू असायची. १९२२ मध्ये गिरणीतल्या बाळंतिणींची पाहणी करणाऱ्या एका डॉक्टर बाईंनी लिहिलं की या कामगार बायांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जाते. अफू देणारी प्रत्येक आई वाईट होती, असं म्हणणार का? पुढे १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले आणि १९२९ मध्ये कायदा झाला. तो कारखान्यातल्या बायांपुरता होता. शेतमजूर बाई त्यात नव्हती.

त्या काळातलं एक औषध आपल्या घरात अजून आहे, ते म्हणजे ग्राइप वॉटर. १८५१ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम गावात विल्यम वुडवर्ड यांनी ते काढलं. त्यात अफू नव्हती. होतं शेपूच्या बियांचं तेल, म्हणजे आपण बाळंतिणीला देतो तो बाळंतशेपा, खायचा सोडा, साखर, आणि जुन्या बाटलीत थोडी दारू. इंग्लंडमध्ये ही दारू १९९० नंतर काढली गेली.

आज बाटलीवर आतले घटक, तारीख आणि प्रमाण छापावंच लागतं, आणि ठराविक रोग हमखास बरे करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी आठवडी बाजारात बिनचिठ्ठीच्या पुड्या मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे. तर पुढच्या बैठकीला बचतीच्या पुस्तकाबरोबर बाळाला देता ती प्रत्येक बाटली, पुडी, गोळी घेऊन या. मागचं बारीक छापलेलं आपण मोठ्याने वाचू. आशाताईंनाही बोलावलं आहे. ज्या पुडीवर काहीच छापलेलं नाही, ती आधी आणा.