म्युस्कादे

म्युस्कादे ही फ्रान्समधील लोआर नदीच्या मुखाकडील भागात, नाँत शहराच्या परिसरात तयार होणारी पांढरी वाईन आहे. ती प्रामुख्याने मेलों द बूर्गोन्य या जातीच्या द्राक्षांपासून बनवतात. साखर जवळजवळ न उरलेली, हलकी, आंबटसर आणि जिभेवर किंचित खारट भासणारी ही वाईन सागरी अन्नासोबत, विशेषतः कच्च्या कालवांसोबत घेतली जाते. सुगंधी मस्कत द्राक्षांशी किंवा बोर्दो भागातील म्युस्कादेल या द्राक्षाशी तिचा संबंध नाही. नावातील साम्यामुळे तसा गैरसमज मात्र वारंवार होतो. फ्रान्समधील बहुतेक नामांकित वाईन गावाच्या वा प्रदेशाच्या नावाने ओळखल्या जातात. म्युस्कादे हे स्थळनाम नसल्याने ती या रूढीला अपवाद ठरते.

इतिहास

मेलों हे द्राक्ष मूळचे बर्गंडीतील. जनुकीय चाचण्यांनुसार ते पिनो आणि गुए ब्लां या दोन जातींच्या संकरातून आले असून शार्डोने हे त्याचे सख्खे भावंड ठरते. बर्गंडीत त्याला प्रतिष्ठा लाभली नाही. नाँत परिसरात त्याचा प्रसार होण्यामागे दोन कारणे होती. १७व्या शतकात नाँत बंदरातून व्यापार करणाऱ्या डच व्यापाऱ्यांना ऊर्ध्वपातन करून मद्यार्क काढण्यासाठी साध्या चवीची, भरपूर पांढरी वाईन हवी होती. पुढे १७०९च्या हिवाळ्यात युरोपभर असाधारण थंडी पडली आणि या भागातील द्राक्षमळे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. नव्याने लागवड करताना थंडीला तोंड देऊ शकणाऱ्या मेलोंला पसंती मिळाली.

म्युस्कादे सेव्र-ए-मेन आणि म्युस्कादे कोतो द ला लोआर या उपप्रदेशांना १९३६ मध्ये, तर म्युस्कादे या सर्वसाधारण नावाला १९३७ मध्ये कायदेशीर संरक्षण मिळाले. कोत द ग्राँलिय या उपप्रदेशाची भर १९९४ मध्ये पडली. सर्वाधिक उत्पादन सेव्र-ए-मेनमध्ये होते. तत्त्वज्ञ पिएर आबेलार याचे जन्मगाव ल पाले याच पट्ट्यात आहे.

निर्मिती

मेलोंच्या रसाला स्वतःचा ठळक सुगंध नसतो. ही उणीव भरून काढणारी पद्धत म्हणजे ‘स्युर ली’, अर्थात साक्यावर ठेवणे. किण्वन संपल्यावर मृत यीस्टचा थर टाकीच्या तळाशी बसतो. इतरत्र वाईन त्यावरून लवकर वेगळी काढतात. येथे ती संपूर्ण हिवाळाभर तशीच राहू देतात आणि त्याच टाकीतून थेट बाटलीत भरतात. यीस्टच्या पेशी हळूहळू विघटित झाल्याने वाईनला भरीवपणा आणि पावासारखा मंद गंध येतो, तसेच थोडा कर्बवायू विरघळलेला राहून जिभेवर हलकी चुरचुर जाणवते. ‘स्युर ली’ हा उल्लेख असलेली वाईन कापणीनंतरच्या वर्षी १ मार्चपूर्वी बाटलीत भरता येत नाही. लाकडी पिंपांऐवजी जमिनीखालील, आतून काच बसवलेल्या सिमेंटच्या टाक्या ही या प्रदेशाची खासियत आहे.

खाद्यसंगती

कालवांवर लिंबू पिळण्यामागे जे कारण आहे तेच येथेही लागू पडते. वाईनमधील आम्लता सागरी प्राण्यांच्या मांसातील खारट-गोडसर चव उठून दाखवते आणि तोंड स्वच्छ करते. ओकच्या पिंपाचा वास किंवा उग्र फळगंध नसल्यामुळे कालवाची नाजूक चव झाकली जात नाही. ज्या सौम्यपणाबद्दल या वाईनला नावे ठेवली जातात तोच येथे गुण ठरतो. शिनाणे, तिसऱ्या, खेकडे, कोळंबी व भाजलेले सार्डीन यांच्याशीही ती जुळते. शिनाणे शिजवतानाच ती भांड्यात ओतण्याची पद्धत आहे.

नाँत परिसराचा प्रसिद्ध ‘बर ब्लां’ हा सॉस या वाईनचा स्वाभाविक सोबती मानावा लागेल. बारीक चिरलेले शॅलट कांदे व्हिनेगर आणि पांढऱ्या वाईनमध्ये आटवून त्यात थंड लोणी थोडेथोडे घोटत घातले की हा सॉस तयार होतो. तो परंपरेने लोआर नदीतील पाईक किंवा हिल्साच्या जवळच्या कुळातील अलोझ माशावर वाढतात. लोण्याचा स्निग्धपणा तोडण्यास वाईनमधील आंबटपणा उपयोगी पडतो. गोड पदार्थ किंवा मसालेदार लाल मांस यांच्यापुढे मात्र ती पचपचीत लागते. वाईन साधारण ८ ते १० अंश सेल्सियसला वाढतात. बर्फाइतकी थंड केल्यास उरलासुरला गंधही जातो.

घसरण आणि नवे प्रयत्न

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्युस्कादेची मागणी, विशेषतः ब्रिटनमध्ये, झपाट्याने वाढली. त्यासोबत अतिरिक्त उत्पादन आणि निकृष्ट, स्वस्त बाटल्याही बाजारात आल्या. नावाची पत घसरली, भाव पडले आणि अनेक कुटुंबांनी वेली उपटून टाकल्या. त्यात वसंतातील गोठवणाऱ्या रात्रींची भर पडली. मेलोंची वेल हिवाळ्यातील थंडी सोसते, परंतु एप्रिलमधील कोवळे कोंब तिच्याही बाबतीत टिकत नाहीत. १९९१, २००८, २०१६, २०१७ आणि २०२१ या वर्षी पिकाचे मोठे नुकसान झाले.

दर्जाच्या बळावर हे नाव सावरण्यासाठी उत्पादकांनी गावनिहाय ‘क्र्यू’ ही श्रेणी पुढे आणली. क्लिसों, गोर्ज आणि ल पाले यांना ती २०११ मध्ये मिळाली. पुढे आणखी गावांचा समावेश झाला. या वाईन साक्यावर दीड-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ठेवल्या जातात. क्लिसोंची जमीन ग्रॅनाइटची, तर गोर्जची गॅब्रो या काळसर खडकाची आहे, आणि जाणकार दोन्हींच्या चवीत फरक सांगतात. म्युस्कादे ताजीच प्यावी हा रूढ समज या श्रेणीने खोटा ठरवला असून तिच्या चांगल्या बाटल्या दहा वर्षांनंतरही उत्तम राहतात.