वानप्रस्थाचे वय

चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याने पश्चिमेस निघाले असता श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै हे गाव लागते. तमिळ भाषेत 'काडु' म्हणजे अरण्य. तो शब्द या नावात अजून ऐकू येतो. अरण्य मात्र तेथे उरलेले नाही. 'सिपकॉट' या सरकारी महामंडळाची औद्योगिक वसाहत तेथे उभी आहे, आणि १९९६ साली स्थापन झालेल्या ह्युंदाईच्या भारतीय कंपनीची पहिली मोटार १९९८ साली येथूनच बाहेर पडली. पाळी बदलण्याच्या वेळी कारखान्यांच्या बसगाड्यांतून उतरणारे चेहरे बहुधा तरुण असतात. पांढरे केस पाहावयाचे तर चहाच्या टपरीवर, नाही तर पहारेकऱ्याच्या खुर्चीवर पाहावे. माणसाचे काम कोणत्या वयी संपते, आणि ते कोणी ठरवावे, हा जुना प्रश्न अशा ठिकाणी पुन्हा मनात उभा राहतो.

आपल्या स्मृतिकारांनी वानप्रस्थाचा काळ सांगितला तो खुणांनी: अंगावर सुरकुत्या दिसाव्या, केस पिकावे, नातवाचे मुख पाहावे. आकडा आला तो आधुनिक राज्ययंत्रासवे. १८८९ साली जर्मनीत बिस्मार्कच्या कारकीर्दीत कामगारांसाठी वृद्धापकालीन वेतनाचा कायदा झाला. त्यात वय ७० ठरले होते, १९१६ साली ते ६५ वर आले. हिंदुस्थानात सरकारी नोकरीची मर्यादा दीर्घकाळ ५५ वर्षांची होती. तिजोरीच्या सोयीने ठरलेला हा आकडा पुढे लोकांनी निसर्गाचा नियम मानला.

इतिहास मात्र त्याला फारशी साक्ष देत नाही. इरुंगाट्टुकोट्टैच्या शेजारचे श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. संप्रदाय त्यांचे आयुष्य १०१७ ते ११३७ असे १२० वर्षांचे मानतो. संशोधकांना हा हिशेब मान्य नाही. परंतु आपल्या आचार्यांना शेवटपर्यंत भाष्य, अध्यापन आणि देवालयाची व्यवस्था यांत गुंतलेले पाहावे, ही भक्तांची आवड त्यातून दिसते.

आपल्या मराठी मंडळींकडे वळावे तर कुंभकोणम येथे १८२८ साली जन्मलेले राजा सर टी. माधवराव आठवतात. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी करून १८८२ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, ते निवृत्त झाले व मद्रासेस मैलापुरात येऊन राहिले. तेथे ते स्वस्थ बसले नाहीत. वृत्तपत्रांतून लिहिणे चालू होते, आणि १८८७ साली मद्रासेस राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन भरले तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. त्याच वर्षी, त्याच नगरीत सामाजिक परिषदेचा आरंभ झाला. न्यायमूर्ती रानड्यांच्या बरोबरीने तिच्यासाठी झटणारे दिवाण बहादूर रघुनाथराव हे माधवरावांचे आप्त. इंदूरची दिवाणगिरी त्यांनीही केली होती, आणि विधवाविवाहाचा पक्ष घेऊन त्यांनी स्वजनांचा रोष पत्करला होता.

महर्षी कर्व्यांचे उदाहरण याहून ठळक. १९१४ साली ते फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. महिला विद्यापीठ काढले ते १९१६ साली, ५८ व्या वर्षी. खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले १९३६ साली, ७८ व्या वर्षी. समता संघ १९४४ साली. ज्याला लोक उत्तरायुष्य म्हणतात, तेच त्यांचे भर कामाचे आयुष्य ठरले.

तथापि या थोर चरित्रांतून घाईने बोध घेणे अन्यायाचे होईल. माधवरावांना आणि रघुनाथरावांना पोटाची विवंचना नव्हती; कर्व्यांनी गरजाच अल्प ठेवल्या होत्या. आवडीचे काम निवडण्यास ते मोकळे होते. चूल पेटावी म्हणून सत्तराव्या वर्षी रात्रभर पहारा देणाऱ्या माणसास 'काम हेच आरोग्य' असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. जुन्या शेतीत म्हाताऱ्यास झेपेल असे काही तरी काम असे: गुरे वळणे, राखण करणे, बियाणे निवडणे, तळ्याच्या पाण्याच्या पाळीवर नजर ठेवणे. शक्ती घटे तसे काम हलके होई, आणि शब्दास मान राही. त्या जीवनातही दारिद्र्य होते, उपासमार होती; १९५१ च्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांचे होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. यंत्राच्या पट्ट्यापुढे मात्र कामाला अशा पायऱ्या नसतात. माणूस तेथे पुरा असतो किंवा मुळीच नसतो.

या दृष्टीने १९६२ हे वर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मद्रास राज्याने निराधार वृद्धांस मासिक वेतन देण्यास प्रारंभ केला. नोव्हेंबरात महर्षी कर्वे १०४ वर्षांचे होऊन निवर्तले, आणि डिसेंबरापासून केंद्र सरकारने आपल्या नोकरांची वयोमर्यादा ५५ वरून ५८ केली. ती ६० झाली १९९८ साली, म्हणजे इरुंगाट्टुकोट्टैची पहिली मोटार रस्त्यावर आली त्याच वर्षी. कारखान्यातील कामगारांसाठी १९९५ ची निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्यातील किमान मासिक रक्कम २०१४ साली १००० रुपये ठरविण्यात आली. एवढ्या रकमेत महिन्याचा शिधा येतो की केवळ औषध, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

वार्धक्याचे सुख दोन गोष्टींवर उभे असते. काम न केले तरी अन्न मिळेल, ही निश्चिती पहिली. करावेसे वाटले तर शक्तीजोगे काम मिळेल, ही दुसरी. पहिलीवाचून दुसरी ही वेठ होते, आणि दुसरीवाचून पहिली ही अडगळीतली खोली. माधवरावांना दोन्ही लाभल्या, हे त्यांचे भाग्य. आज इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांत पंचविशीत असलेली पिढी तीस-पस्तीस वर्षांनी एकदमच त्या दारांतून बाहेर पडेल. तिच्यासाठी अरण्य उरलेले नाही. तेव्हा तिचा वानप्रस्थ वस्तीतच, माणसांतच घडला पाहिजे. त्याची तजवीज करण्याची वेळ आजच आहे.