ब्रिटनमधील धर्मसंलग्नतेचा ऱ्हास
ब्रिटनमधील धर्मसंलग्नतेचा ऱ्हास : समाजातील व्यक्तींनी संघटित धर्माशी असलेले नाते सोडणे अथवा ते मुळातच न जोडणे, या प्रक्रियेस धर्मसंलग्नतेचा ऱ्हास म्हणतात. निरीश्वरवाद (ईश्वर नाही असे मत) व अज्ञेयवाद (ईश्वराविषयी निश्चित ज्ञान होऊ शकत नाही असे मत) यांहून ती भिन्न होय. कारण प्रार्थनामंदिरात पाऊल न टाकणारा मनुष्य ईश्वर मानीत असू शकतो आणि तेथे नियमाने जाणारा अंतर्यामी अश्रद्ध असू शकतो. ब्रिटनमध्ये या प्रक्रियेच्या नोंदी दीर्घकाळ उपलब्ध असल्यामुळे तिचा इतिहास बराच तपशीलवार सांगता येतो.

प्रारंभी अश्रद्धा हा दंडनीय अपराध होता. एडिंबरो येथील टॉमस एकेनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यास ईश्वरनिंदेच्या आरोपावरून १६९७ मध्ये फाशी देण्यात आले. या अपराधासाठी ब्रिटनमध्ये दिलेला हा अखेरचा देहदंड. १६८९ च्या सहिष्णुता अधिनियमाने प्रॉटेस्टंट पंथांतील मतभेद्यांना उपासनेची मुभा दिली होती. तथापि कॅथलिक तिच्यातून वगळले गेले आणि अश्रद्धांचा तर विचारच झाला नव्हता. निरीश्वरवादाची आवश्यकता प्रतिपादणारी पुस्तिका काढल्यावरून कवी शेली यास १८११ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातून काढून टाकले. टॉमस पेन याचा धर्मचिकित्सक ग्रंथ छापून विकणारा रिचर्ड कार्लाइल १८१९ मध्ये तुरुंगात गेला. जॉर्ज जेकब होलिओक (१८१७–१९०६) याने चेल्टनम येथील व्याख्यानानंतर एका श्रोत्याच्या प्रश्नाला उत्तर देताना, जनता दरिद्री असताना धर्मावरील खर्च कमी करावा, अशा आशयाचे उद्गार काढले; त्याबद्दल १८४२ मध्ये त्यास सहा महिन्यांची शिक्षा झाली. तो तुरुंगात असतानाच त्याची लहान मुलगी मरण पावली. पुढे १८५१ मध्ये त्यानेच इहवाद या अर्थाची इंग्रजी संज्ञा प्रचारात आणली. निरीश्वरवादी या शब्दाला चिकटलेला अनीतीचा आरोप टाळावा, हा त्यामागील एक हेतू होता.

त्याच वर्षी, ३० मार्च १८५१ रोजी, इंग्लंड व वेल्समधील सर्व प्रार्थनास्थळांतील उपस्थितीची गणना झाली. तिचा अहवाल हॉरेस मान याने तयार केला. एकूण लोकसंख्या सु. १ कोटी ७९ लाख असता त्या दिवशीच्या सर्व उपासनांची मिळून उपस्थिती सु. १ कोटी ९ लाख भरली; तीतही एकच व्यक्ती दोनतीनदा मोजली गेली असण्याचा संभव होता. बालके, रुग्ण व कामात गुंतलेले लोक वगळूनही सु. ५३ लाख लोक, येणे शक्य असता, आले नव्हते, असा मान याचा अंदाज होता. शिवाय जे आले त्यांपैकी जवळजवळ निम्मे अधिकृत राज्यधर्मपीठाबाहेरील पंथांचे होते. या आकड्यांनी सुशिक्षित वर्ग हादरला. गैरहजर असलेल्यांत मोठा भाग शहरांतील कामगारांचा होता. तो नास्तिक नव्हता. धर्म हे वरच्या वर्गाचे प्रकरण आहे, भाड्याने राखून ठेवलेल्या बाकांच्या त्या जागेत आपले काही काम नाही, अशी त्याची भावना होती. चांगले कपडे नाहीत म्हणून चर्चला न जाणाऱ्याची गणना अश्रद्धांत करावी की कसे, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाच्या अभ्यासकांना सुटलेला नाही.

जाणूनबुजून अश्रद्ध असणाऱ्यांचा लढा चार्ल्‌स ब्रॅडलॉ (१८३३–९१) याने उभारला. १८६६ मध्ये त्याने राष्ट्रीय इहवादी संस्था (नॅशनल सेक्युलर सोसायटी) स्थापन केली. संततिनियमनावरील पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल १८७७ मध्ये त्याच्यावर व ॲनी बेझंट यांच्यावर खटला झाला. शिक्षा पुढे तांत्रिक कारणावरून रद्द झाली; परंतु ती पुस्तिका व निरीश्वरवादी मते ही कारणे देऊन न्यायालयाने १८७८ मध्ये बेझंट यांच्याकडून त्यांच्या मुलीचा ताबा काढून घेतला. १८८० मध्ये ब्रॅडलॉ नॉर्‌दॅम्प्टनमधून संसदेवर निवडून आला. ईश्वराच्या नावाने शपथ घेण्याऐवजी साधी प्रतिज्ञा करण्याची अनुमती त्याने मागितली, ती नाकारण्यात आली. मग शपथ घेण्याची तयारी दर्शविली, तर नास्तिकाच्या शपथेस अर्थ नाही म्हणून तीही नाकारली गेली. १८८१, १८८२ व १८८४ च्या पोटनिवडणुकांत मतदारांनी त्यालाच पुन्हा निवडून दिले. दरम्यान त्यास सभागृहातून बळाने बाहेर काढण्यात आले. अखेर १८८६ मध्ये त्याचा शपथविधी झाला आणि १८८८ मध्ये त्याच्याच प्रयत्नाने प्रतिज्ञेचा पर्याय देणारा अधिनियम संमत झाला. सभागृहाने १८८० चा आपला ठराव कामकाजाच्या नोंदीतून पुसून टाकला तो २७ जानेवारी १८९१ रोजी; तेव्हा ब्रॅडलॉ मृत्युशय्येवर होता व तीन दिवसांनी, ही वार्ता न कळताच, तो वारला.

हिंदुस्थानच्या प्रश्नांत त्याने आस्थेने लक्ष घातले होते. १८८९ च्या मुंबईतील काँग्रेस अधिवेशनास तो उपस्थित होता आणि त्याच्या अंत्ययात्रेस लंडनमध्ये शिकत असलेले मो. क. गांधी गेले होते. महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांच्या विचारांची घडण याच काळातील मिल्ल व स्पेन्सर यांच्या वाचनाने झाली. बुद्धिवाद आणि संततिनियमन यांची ब्रॅडलॉच्या ठिकाणी पडलेली सांगड पुढे र. धों. कर्वे यांच्या कार्यातही दिसते.

डार्विनच्या सिद्धांताने (१८५९) श्रद्धा ढासळली, ही समजूत रूढ असली तरी ती अपुरी आहे. टी. एच. हक्सली याने १८६९ मध्ये अज्ञेयवादी ही संज्ञा घडविली, लेस्ली स्टीव्हन याने धर्मोपदेशकाचे पद सोडले. पण हे थोड्या विद्वानांचे वर्तुळ होते. इहवादी चळवळीतील सामान्य कार्यकर्त्यांच्या आत्मकथनांचे परीक्षण सूझन बड यांनी केले, त्यात विज्ञानाचा उल्लेख क्वचितच आढळला. पेनचे ग्रंथ, स्वतः बायबलचे बारकाईने केलेले वाचन, चिरंतन नरकवासाच्या कल्पनेचा नैतिक तिटकारा आणि धर्मोपदेशकांचे सामाजिक वर्तन हीच कारणे त्यांनी प्रामुख्याने सांगितली आहेत.

विसाव्या शतकात अश्रद्धेस हुतात्मे लागले नाहीत, आणि तिचा खरा प्रसार याच काळात झाला. ऱ्हासाचा आरंभ केव्हा झाला, याविषयी मतभेद आहेत. स्टीव्ह ब्रूस यांसारखे समाजशास्त्रज्ञ तो औद्योगिकीकरणापासून सावकाश चालू असल्याचे मानतात. कॅलम ब्राउन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मात्र तो १९६० नंतरचा, आकस्मिक ठरविला. त्यांच्या मते धर्मनिष्ठा ही एकोणिसाव्या शतकापासून स्त्रीत्वाच्या आदर्शाशी जोडली गेली होती. तरुण स्त्रियांनी तो आदर्श नाकारताच घरातील धर्मसंस्कारांची साखळी तुटली. या मतात काही अतिशयोक्ती असली, तरी त्याने लक्ष योग्य जागी वेधले आहे. डेव्हिड व्होआस यांच्या विश्लेषणानुसार आईवडील दोघेही धर्मनिष्ठ असले, तरी मुलांमध्ये ती निष्ठा उतरण्याची शक्यता सु. निम्मी असते; दोघेही अश्रद्ध असल्यास अश्रद्धा जवळजवळ अबाधित उतरते. वादविवादात कोणीही हरत नाही. मुले रविवारी अन्यत्र जाऊ लागतात, इतकेच. श्रद्धा टिकते व केवळ सदस्यत्व सुटते, हा ग्रेस डेव्ही यांनी १९९० च्या दशकात मांडलेला सिद्धांत या पुराव्यापुढे दुबळा वाटतो.

इंग्लंड व वेल्सच्या जनगणनेत धर्माविषयीचा ऐच्छिक प्रश्न २००१ पासून आला. त्या वर्षी ७१·७ टक्के लोकांनी ख्रिस्ती व १४·८ टक्के लोकांनी ‘धर्म नाही’ असे उत्तर दिले. २०११ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे ५९·३ व २५·१, तर २०२१ मध्ये ४६·२ व ३७·२ टक्के झाले. ख्रिस्ती प्रथमच निम्म्यांहून कमी ठरले. वेल्समध्ये तर निधर्मींची संख्या त्यांच्याहून अधिक भरली. स्कॉटलंडमध्ये २०२२ साली ५१·१ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे नोंदविले. या आकड्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. २००१ मध्ये सु. ३ लाख ९० हजार लोकांनी एका चित्रपटमालिकेतील काल्पनिक जेडाय पंथ आपला धर्म म्हणून लिहिला होता. त्यांची गणना निधर्मींत करण्यात आली. ख्रिस्ती या उत्तरामागेही अनेकदा केवळ वंशपरंपरेची जाणीव असते. शिवाय ऱ्हास सर्व धर्मांचा नाही : २०२१ मध्ये मुस्लिम ६·५ व हिंदू १·७ टक्के होते आणि हे दोन्ही समूह वाढत आले आहेत.

कायद्याचा बदल समाजाच्या मागून आला. ईश्वरनिंदेबद्दल तुरुंगवास झालेला अखेरचा मनुष्य जॉन विल्यम गॉट. त्यास १९२१ मध्ये शिक्षा झाली. १९७७ मध्येही एका नियतकालिकाविरुद्ध असा खटला यशस्वी झाला. इंग्लंड व वेल्समध्ये हा अपराध २००८ मध्ये रद्द करण्यात आला. स्कॉटलंडमध्ये त्यासाठी २०२१ चा अधिनियम व्हावा लागला व तो २०२४ मध्ये अंमलात आला. राजा हाच इंग्लंडच्या धर्मपीठाचा सर्वोच्च अधिपती असून उमराव सभेत २६ बिशपांना स्थान आहे. शासकीय शाळांतील दैनंदिन सामुदायिक उपासनेचे १९४४ मध्ये घातलेले बंधनही कायद्यात कायम असले, तरी अनेक माध्यमिक शाळा ते पाळीत नाहीत.