जंत, जंतू आणि एक उकार

'जंतनाशक' आणि 'जंतुनाशक' यांत फरक एका उकाराचा. पण पहिलं जनावराला पाजायचं आणि दुसरं जमिनीवर ओतायचं. मूळ दोघांचं एकच: संस्कृत 'जन्तु', म्हणजे जन्मलेला तो, त्यात माणूसही आला. मराठीत या शब्दाच्या वाटण्या झाल्या. 'जंतू' तत्सम राहिला आणि सूक्ष्मदर्शक आल्यावर रोगजंतू झाला. 'जंत' बोलण्यात झिजला आणि थेट आतड्यात जाऊन बसला. ('जनावर' मात्र या भावकीतलं नव्हे, ते फारसी 'जान'वरून आलेलं.)

चंद्रपूर-गडचिरोलीकडे डुकरं पाळणाऱ्याला हा उकार चांगलाच नडू शकतो. पिल्लू खातं, पण अंगी लागत नाही. पोट सुटतं, केस राठ होतात. जंताची मादी वीतभर, कधी त्याहूनही लांब, गांडुळासारखी. दिवसाला लाखांनी अंडी घालते. अंड्याचं कवच असं चिवट, की नेहमीच्या जंतुनाशकांना ते दाद देत नाही. मातीत ती अंडी वर्षानुवर्षं तग धरतात. म्हणजे जंतुनाशकाने जंतू मरतील, जंत मरतीलच असं नाही! घाण खरवडून काढायची, मग उकळतं पाणी किंवा वाफ, आणि जनावराला वेळेवर जंताचं औषध, इलाज हाच.

'कृमी' हा पुस्तकी शब्द. त्याचा फारसी भाऊबंद 'किर्म'; किड्यांपासून काढलेल्या लाल रंगाचं 'किरमिजी' हे नाव त्याच गोतातलं. डुकरांना होणाऱ्या चाबूककृमीचं शास्त्रीय नाव 'ट्रायक्युरिस', म्हणजे केसासारखी शेपटी. पुढे कळलं, की केसासारखं बारीक टोक हे तोंडाकडचं! 'केसासारखं डोकं' अशा अर्थाचं नावही सुचवून झालं, पण चुकीचंच टिकलं.

औषधांची जुनी नावं त्या मानाने सरळ. वावडिंग म्हणजे संस्कृत 'विडंग'. त्याचं दुसरं नावच 'कृमिघ्न'. पळसाची चपटी बी ती पळसपापडी, तीही जंतांवरचीच. आणि या जंगलांत पळसाला काय तोटा?

खाली सिरोंच्याकडे, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे, तेलुगू कानावर पडते. तेलुगूत जंतांना 'नुलिपुरुगुलु' म्हणतात. 'पुरुगु' म्हणजे किडा, 'नुलि' म्हणजे पीळ. तो पीळ किड्याच्या अंगाचा की पोटात पडणारा, यावर वाद घालायला जागा आहे. ज्याला जंत झालेत तो बहुधा दुसऱ्या बाजूने बोलेल.