फटफटीचा रंग की पावडर? आधी थर मोजा

जळगाव-धुळ्याकडे जुनी येझदी किंवा राजदूत दुरुस्तीला काढली की प्रश्न येतोच: चेसिसला रंग मारायचा की पावडर कोटिंग? उत्तर सहसा "पावडरच मारा, टिकते" असं मिळतं. टिकते, खरंय. पण संशोधनाची तयारी करत असाल तर जरा थांबा.

आधी पावडर आली कुठून ते बघू. 1950च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी तापवलेला धातूचा भाग हवेने खळाळणाऱ्या प्लॅस्टिकच्या भुकटीत बुडवण्याची पद्धत काढली. 1960च्या दशकात विजेचा भार देऊन भुकटी फवारणारी बंदूक आली आणि पातळ, एकसारखा थर देता येऊ लागला. पुढे पसरण्याचं एक मोठं कारण मात्र सौंदर्य नव्हतं, हवा होती. 1966 मध्ये लॉस एंजेलिसने रंगातल्या द्रावकांच्या वाफेवर निर्बंध आणले, 1970 मध्ये अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा आला. पावडरमध्ये द्रावक नसतोच. तंत्राचा इतिहास लिहिताना "जास्त चांगलं होतं म्हणून जिंकलं" हे वाक्य हातातून निसटतं, तेव्हा असा कायदा कुठे लपलाय का ते शोधा.

आता आपल्याकडचं. पावडर साधारण 180 ते 200 अंशांच्या भट्टीत पिकते. म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर लांबी भरलेली असेल तर ती टिकणार नाही, प्लॅस्टिकचं साइड पॅनेल तर विसराच. इपॉक्सी पावडर उन्हात खडूसारखी भुरभुरते. मे महिन्यात पारा 45च्या वर नेणाऱ्या खानदेशात बाहेरच्या भागाला पॉलिएस्टरच हवी. बेअरिंगच्या जागा आणि आटे झाकले नाहीत, तर जाड थरामुळे जोडणी बसत नाही. चेसिस, स्टँड, कॅरिअर यांना पावडर. टाकी आणि मडगार्डला रंग, अशी वाटणी मला तरी पटते.

पण इतिहासकाराची अडचण वेगळीच. पावडरआधी भाग ब्लास्टिंग करून उघडा पाडतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने 1961 पासून गाड्या बनवल्या, 1996 मध्ये तो बंद पडला. एवढ्या वर्षांत गावोगावच्या पेंटरांनी त्यांच्यावर जे थर चढवले, त्यांची नोंद कुठल्या दप्तरात असणार? ती त्या पत्र्यावरच असते: मूळ प्राइमर, कंपनीचा रंग, मग ब्रशने मारलेला इनॅमल, कुणाच्या तरी लग्नातला लाल. ब्लास्टिंगच्या दहा मिनिटांत ते सगळं जमिनीवर.

म्हणून मालकाला पावडर नको म्हणू नका. गाडी त्याची, गंजही त्याचाच. फक्त आधी सीटखालचा नाणंभर भाग बारीक पॉलिश पेपरने तिरका घासून घ्या. थर झाडाच्या वलयांसारखे दिसतात. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, आरसी बुकातला रंग लिहून घ्या आणि दोन्ही जुळतात का ते पाहा. जुळले नाहीत, तर तुमचा पहिला प्रश्न तिथेच सुरू होतो.