कॅलिफोर्नियातील वणवा-व्यवस्थापन
अमेरिकेच्या या राज्यात वणवा कोणी विझवायचा, हे जमिनीवरून ठरते. राष्ट्रीय वने केंद्राकडे, शहरे स्थानिक अग्निशमन दलांकडे. उरलेले गवताळ माळ, झुडपी डोंगर व खासगी वने, सुमारे ३.१ कोटी एकर, राज्याच्या ‘कॅल फायर’ खात्याकडे. मात्र लॉस एंजेलिस, ऑरेंज, व्हेंचुरा, सँटा बार्बरा, कर्न व मरीन या सहा काउंट्या राज्याकडून पैसे घेऊन हे काम स्वतःच करतात. १९७० च्या वणव्यांत मदतीला धावलेल्या दलांच्या वायरलेसच्या लहरी जुळेनात, एकाच साधनाला प्रत्येकाचे नाव वेगळे. त्या जीवघेण्या गोंधळातून सामाईक हुकमतीची घटना-नियंत्रण पद्धत घडली. घरे रिकामी करण्याचे काम सहसा काउंटीचा शेरीफ पाहतो, आणि ते रास्तच आहे: गल्लीबोळ त्याच्याच माणसांच्या पायाखालचे असतात.